शेवटची तार कुणाची?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेसाठी कोल्हापुरात जमतो ते पेशाने शिक्षक आणि मनाने सहकारातले कार्यकर्ते होते. म्हणून इंटरनेटचा विषय मी दिल्ली-मुंबईपासून सुरू न करता पन्हाळा तालुक्यातल्या वारणानगरपासून सुरू करतो.

१९९८ साली वाजपेयी सरकारने माहिती तंत्रज्ञानासाठी राष्ट्रीय कृती दल नेमलं. त्याच सुमारास वारणा खोऱ्यातल्या, कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांत पसरलेल्या ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. पैसा केंद्राचा, राज्याचा आणि थोडा वारणेच्या शिक्षण मंडळाचा. तांत्रिक बाजू एनआयसीने, म्हणजे केंद्र सरकारच्या माहितीतंत्र संस्थेने, सांभाळली. जागा अगदी विचार करून निवडलेली होती. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती दूध संघ, बाजार, बँक, शाळा-कॉलेजं असा सगळा संसार तिथे उभा होता. गावोगाव संगणक केंद्रं निघाली. उसाची नोंद, तोडणीची पाळी, वजन, बिल हे सगळं शेतकऱ्याला आपल्या गावातच कळावं, आणि पुढे बाजारभाव, सातबारा, शिक्षण हेही त्याच पडद्यावर यावं, अशी कल्पना होती. देशभरातून माणसं ते पाहायला येत होती.

आठ-नऊ वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या प्रयोगशाळेतले संशोधक वारणेत आले. केंद्रांचा उपयोग प्रामुख्याने कारखान्याच्या ऊस-नोंदींपुरताच उरला आहे आणि संगणकांची देखभाल जड जाते आहे, असं त्यांना दिसलं. त्यांनी ७ गावांत प्रयोग केला. केंद्रातल्या संगणकाचं काम साध्या मोबाइलवर आणलं. शेतकऱ्याने एसएमएस पाठवायचा आणि उसाचं वजन, खताची नोंद यांची माहिती एसएमएसनेच परत यायची. या प्रयोगाला त्यांनी 'वारणा अनवायर्ड' असं नाव दिलं.

जोडलेली तार दहा वर्षांच्या आत सोडवून घेतली गेली. तंत्र बदललं म्हणून असं झालं, असं आपण सहज म्हणून जातो. ते अर्धंच खरं आहे. त्या दहा वर्षांत या देशात बिनतारी फोनवर स्पर्धा मोकळी झाली आणि जमिनीवरची तार बंद कपाटात राहिली. हे सरकारी निर्णयांनी झालं, आणि ते निर्णय वेगळे होऊ शकले असते. मला आज एवढंच सांगायचं आहे. कंपन्या किती आहेत यापेक्षा घरापर्यंत येणारा शेवटचा टप्पा कुणाच्या हातात आहे आणि तो इतरांना कोणत्या अटीवर वापरायला मिळतो, यावर इंटरनेटचा पसारा ठरतो.

सुरुवात १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यापासून करावी लागते. त्या कायद्याच्या चौथ्या कलमाने तारयंत्र चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. दुसऱ्या कुणालाही ते करायचं तर परवाना हवा. हा कायदा २०२३ साली नवा दूरसंचार कायदा येईपर्यंत चालला. वारणेने साखर केली, दूध गोळा केलं, किराणा विकला. पण स्वतःच्या सभासदांसाठी गावागावांत टेलिफोनची तार टाकून सेवा देण्याची मुभा तिला कायद्याने नव्हती. ज्या खोऱ्यात सहकाराने जवळजवळ सगळं उभं केलं, तिथे हीच एक गोष्ट सहकाराच्या हाताबाहेर ठेवलेली होती. याची चर्चा त्या वेळी पुरेशी झाली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

या सभागृहात ऊस लावणारे बरेच जण आहेत. झोनबंदीचे दिवस त्यांच्या लक्षात असतील. रान आपलं, ऊस आपला, पण घालायचा नेमून दिलेल्या कारखान्यालाच. झोनबंदी उठली तशा दुसऱ्या कारखान्यांच्या टोळ्या शिवारात उतरल्या आणि दराची बोली सुरू झाली. पण त्यानंतर आणखी दोन गोष्टी कळल्या. ज्यांनी परवडत नसताना मोठा दर पुकारला त्यांची बिलं थकली. आणि ज्याच्या रानाला गाडीवाट नव्हती, त्याच्या दृष्टीने चारी बाजूंना कारखाने असून काही फरक पडला नाही. वाट ज्याची, त्याच्याच काट्यावर ऊस. दूरसंचाराच्या गेल्या तीस वर्षांत या तिन्ही गोष्टी घडल्या आहेत. फक्त गाडीवाटेचं कुणी फारसं बोललं नाही.

बिनतारी बाजूचा इतिहास आधी थोडक्यात सांगतो, कारण तो बराचसा परिचित आहे. १९९४ च्या दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि देशाचे तुकडे पाडले. त्यांना सर्कल म्हणतात. मुंबई हे वेगळं सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरं. आपल्या सर्कलमध्ये सुरुवातीला बिर्ला एटी अँड टी आणि बीपीएल या दोनच मोबाइल कंपन्या. मिनिटाला १६ रुपयांहून अधिक दर, आणि आलेल्या फोनचेही पैसे. परवान्यासाठी कंपन्यांनी अवाच्या सवा बोली लावल्या होत्या आणि त्या फेडता येईनात. १९९९ च्या धोरणाने ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायला सुरुवात केली, तेव्हा या धंद्याला श्वास घेता आला. २००३ मध्ये दोन मोठे बदल झाले. फोन करणाऱ्यानेच पैसे द्यायचे हा नियम आला, म्हणजे येणारा फोन फुकट झाला. आणि एकाच परवान्यावर सर्व प्रकारची सेवा देता येऊ लागली. कोल्हापूरच्या भाजी मंडईत, गुळाच्या सौद्यात, ट्रकवाल्यांच्या हातात मोबाइल दिसू लागला तो या दोन बदलांनंतर.

सीमाभागाने सर्कलची किंमत वेगळीच मोजली, ती इथे नोंदवायला हवी. चंदगडच्या माणसाला दवाखाना, बाजार, कॉलेज सगळं बेळगावात. पण बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये. म्हणजे चंदगडहून गडचिरोलीला केलेला मोबाइल कॉल सर्कलच्या आतला, आणि बेळगावच्या मामाला केलेला सर्कलबाहेरचा. कागलच्या पुढे कोगनोळीचा नाका ओलांडला की फोनवर रोमिंगचा संदेश यायचा आणि आलेला फोनही पैसे खायचा. २०१५ पर्यंत नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोयसुद्धा सर्कलच्या आतच होती. निपाणीला सून म्हणून गेलेल्या मुलीला माहेरचा नंबर सोडावा लागत होता. नकाशावरची एक रेघ कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातल्या हजारो घरांच्या बिलावर वर्षानुवर्षे छापून येत राहिली, आणि ती रेघ आखणाऱ्यांना या घरांचे व्यवहार कुठल्या दिशेने चालतात हे ठाऊक असल्याचं कुठे दिसत नाही.

आता तारेकडे वळू. मुख्य गोष्ट इथे आहे.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेही महानगरांत. १९९८ च्या नोव्हेंबरात खासगी इंटरनेट कंपन्यांना परवाने मिळू लागले. ते धोरण फार चांगलं होतं. परवाना शुल्क नाममात्र, आणि तीन वर्ग: अख्खा देश, एक सर्कल, किंवा एखाद्या जिल्ह्याएवढा टेलिफोन विभाग. म्हणजे फक्त कोल्हापूर विभागापुरती इंटरनेट कंपनी काढणं कायद्याने शक्य झालं. वारणेला १९९८ साली हवं होतं ते दार त्याच वर्षाच्या अखेरीस किलकिलं झालं. पण दारातून आत गेल्यावर जायचं कुठे? घरापर्यंतची तांब्याची तार दूरसंचार खात्याची, २००० च्या ऑक्टोबरपासून बीएसएनएलची. नव्या कंपनीचा ग्राहक त्याच तारेवरून डायल करणार, इंटरनेटचे पैसे कंपनीला देणार आणि कॉलचे बीएसएनएलला. आणि बीएसएनएल स्वतःही इंटरनेट विकणार. प्रतिस्पर्ध्याच्या दारातून ये-जा करून कुणाचा धंदा चालतो?

हे दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, पुरतं कळलेलं होतं. १९९७ साली स्थापन झालेल्या या संस्थेने २००४ मध्ये ब्रॉडबँडविषयी सविस्तर शिफारशी केल्या. त्यातली कळीची शिफारस अशी, की बीएसएनएल आणि एमटीएनएल यांनी आपल्या तांब्याच्या तारा ठरावीक भाड्याने इतर कंपन्यांना वापरू द्याव्यात. तार बीएसएनएलचीच राहील, भाडं तिला मिळेल, पण त्या तारेवरून इंटरनेट कुणाचं घ्यायचं हे ग्राहक ठरवील. त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राचं ब्रॉडबँड धोरण आलं. त्यात ही सक्ती नव्हती. कंपन्यांनी आपसांत व्यापारी करार करावेत, एवढंच म्हटलं होतं. ज्याच्याकडे तार आहे त्याला करार करण्याची काय गरज होती? अर्थातच ते झाले नाहीत.

बीएसएनएलच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण त्यांचं म्हणणं पोकळ नव्हतं. खासगी कंपन्या शाहूपुरीतले, राजारामपुरीतले, इचलकरंजीच्या पेढ्यांवरचे गिऱ्हाईक उचलतील आणि गगनबावड्याची, शाहूवाडीची तोट्यातली तार आमच्या गळ्यात ठेवतील, असं तिथले अधिकारी आणि कामगार संघटना म्हणत होत्या. ही भीती खरी होती. पण तिच्यावर उपाय तयार होता. २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून सार्वत्रिक सेवा निधी गोळा होत होता, नेमका अशा तोट्यातल्या भागांसाठी. तारेचं भाडं खर्चाला धरून ठरवायचं आणि डोंगराळ तालुक्यांचा तोटा निधीतून भरून द्यायचा. यातलं काहीच झालं नाही. तार बंद राहिली आणि निधीतला मोठा भाग वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिला.

बीएसएनएलने २००५ च्या जानेवारीत डेटावन नावाने ब्रॉडबँड आणलं. २५६ केबीपीएस वेग, आणि स्वस्त योजनांत महिन्याचा डेटा इतका थोडा की पुढे रात्री दोन ते सकाळी आठ अमर्याद असलेल्या योजनेसाठी विद्यार्थी गजर लावून उठत. माझ्या ओळखीतली कितीतरी मुलं त्या पहाटेच्या डाउनलोडवर शिकून इंजिनिअर झाली. त्यांच्या जिद्दीचं मला कौतुक आहे, पण त्यांना तसं उठावं लागणं ही धोरणाची हार होती. २०१० अखेर २ कोटी ब्रॉडबँड जोडण्यांचं उद्दिष्ट होतं. झाल्या १ कोटी १० लाखांच्या आसपास. देशात त्या दशकाच्या मध्याला ४ कोटींहून अधिक लँडलाइन होत्या. तार घरात होती. तिच्यावरून दुसऱ्याला येऊ दिलं नाही, आणि बघता बघता लोकांनी लँडलाइनच परत केली. जपून ठेवलेली मालमत्ता अशी मातीमोल झाली. त्याचा सर्वांत मोठा फटका बीएसएनएललाच बसला.

जपानने याच सुमारास उलट केलं. तिथल्या सरकारने एनटीटीला तारा भाड्याने द्यायला लावल्या. सॉफ्टबँकने २००१ मध्ये त्यांवर याहू बीबी ही स्वस्त सेवा काढली आणि काही वर्षांत जपानचं इंटरनेट जगातल्या सर्वांत वेगवान आणि स्वस्त सेवांपैकी एक झालं. ब्रिटनने २००६ मध्ये बीटीचा तारांचा विभाग ओपनरीच म्हणून वेगळा काढला; सर्व कंपन्यांना त्याने सारख्याच अटींवर तार द्यायची. अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने उघडलेली ही वाट २००३ नंतर पुन्हा बंद केली. मग बहुतेक अमेरिकी घरांना एक टेलिफोन कंपनी आणि एक केबल कंपनी यांतूनच निवड करावी लागली.

आपल्याकडे मग सगळा भार मोबाइलवर आला. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आली आणि पुढचा मार्चअखेरपर्यंतचा डेटा फुकट वाटला. ट्रायच्या आकडेवारीनुसार २०१४ मध्ये एका जीबीला सरासरी २६९ रुपये पडत. आता तोच डेटा १० रुपयांच्या आत आहे. या बदलाला कमी लेखणं अन्याय होईल. गडहिंग्लजच्या शिंपीणबाईने यूट्यूबवर पाहून नवा कट शिकणं, गारगोटीच्या मुलाने स्पर्धा परीक्षेची व्याख्यानं ऐकणं, हे त्या स्वस्ताईमुळे झालं.

पण उसात परवडत नसलेला दर पुकारल्यावर पुढे जे झालं ते इथेही झालं. एकेकाळी देशात डझनभर मोबाइल कंपन्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ रोजी १२२ परवाने रद्द केले तेव्हा काही गेल्या. पुढे एअरसेल, रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरीत गेल्या, टाटा आणि टेलिनॉर एअरटेलमध्ये विरल्या, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एक झाल्या. २०१९ च्या ऑक्टोबरात न्यायालयाने, सरकारचा वाटा ज्यावर ठरतो त्या उत्पन्नाची सरकारची व्याख्या मान्य केली आणि थकबाकीचा डोंगर व्होडाफोन-आयडियावर कोसळला. आज तिच्यात सर्वांत मोठा भागधारक सरकारच आहे. या पडझडीत नियामकांचे हात एकमेकांत अडकलेले दिसतात. दर किती खाली न्यावा यावर ट्रायने २०१८ मध्ये काढलेला आदेश दूरसंचार न्यायाधिकरणाने त्याच वर्षी बाजूला सारला. स्पर्धा आयोगाने चौकशी सुरू करायची तर आधी ट्रायचा निर्णय हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या डिसेंबरात सांगितलं. बाजार कुणाच्या राखणीत आहे हे ठरेपर्यंत बाजार बदलून गेला होता.

जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर साधारण ११ ते २५ टक्क्यांनी वाढवले. बीएसएनएलने वाढवले नाहीत. लाखो लोकांनी आपलं सिम बीएसएनएलकडे पोर्ट केलं. नोव्हेंबरपर्यंत ती लाट ओसरली, कारण बीएसएनएलचं ४जी अजून बहुतेक ठिकाणी उभंच नव्हतं. स्वदेशी ४जी देशभर सुरू झाल्याची घोषणा २०२५ च्या सप्टेंबरात झाली. चार महिन्यांच्या त्या घटनेत ग्राहकाला काय हवं आहे ते स्पष्ट दिसलं. त्याला जाण्यासाठी एक खरी दुसरी जागा हवी आहे. सार्वजनिक कंपनी टिकावी असं मी म्हणतो ते याच कारणाने, जुन्या मायेपोटी नाही.

देशात मोबाइलवरून इंटरनेट वापरणारे ९० कोटींच्या वर आहेत, आणि तारेने घरी ब्रॉडबँड घेणारे जेमतेम चार-साडेचार कोटी. करोनाकाळात हा फरक किती खोल आहे ते आपण पाहिलं. राधानगरी, भुदरगड, आजऱ्याच्या वाड्यांवरची मुलं रेंजसाठी माळावर जाऊन बसत होती, आणि घरातल्या एकाच फोनवर दोन भावंडांचे वर्ग होते. दिवसाला दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर माणूस पाहू शकतो, ऐकू शकतो. पण गावात बसून डिझाइनचं काम करणं, शाळेची अख्खी तुकडी एका वेळी जोडणं, कापड व्यापाऱ्याने दिवसभर व्हिडिओवर माल दाखवणं याला तार लागते.

तार आता तांब्याची राहिलेली नाही, काचेची आहे. आणि शहरात ती बरीचशी आणली आहे केबलवाल्यांनी. ज्यांनी नव्वदच्या दशकात गच्चीवरून गच्चीवर टीव्हीची केबल ओढली, तीच माणसं आज फायबर ओढतात, स्प्लायसिंगचं यंत्र घेऊन रात्री दहाला शिडीवर चढतात आणि ग्राहकाला नावाने ओळखतात. त्यांचा जीव मोठ्या कंपन्यांशी असलेल्या करारात आणि विजेच्या खांबावर टांगलेला आहे. खांब वापरायचं भाडं, रस्ता खणायची परवानगी, कुणाला कधी आणि कितीला मिळेल हे त्यांना आधी कळत नाही. यासाठी केंद्राने २०१६ मध्ये मार्गाधिकाराचे नियम केले, नव्या कायद्याखाली १ जानेवारी २०२५ पासून सुधारलेले नियम लागू झाले. नियमांत कालमर्यादा आहेत, समान वागणुकीची तरतूद आहे. पण अर्ज भरायला वकील आणि कर्मचारी असलेली कंपनी आणि दोनशे ग्राहकांचा केबलवाला यांना ते सारखे उपयोगी पडतील, हे आपोआप होणार नाही.

खेड्याकडे पाहिलं तर भारतनेट आहे. २०११ साली अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबरने जोडायचं ठरलं, मुदत दोन वर्षांची होती. बारा-तेरा वर्षांनी दोन लाखांहून अधिक पंचायती 'सेवेसाठी तयार' म्हणून नोंदल्या गेल्या. फायबर पंचायतीच्या कचेरीपर्यंत येतं आणि तिथे एका पेटीत थांबतं. कचेरीपासून घरापर्यंत नेण्याची जबाबदारी बराच काळ कुणाचीच नव्हती. म्हणजे १९९८ मध्ये वारणेत जे केंद्र होतं, त्याच जागी आपण पुन्हा येऊन उभे राहिलो.

या जिल्ह्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी फार थोड्या जिल्ह्यांकडे असेल. इथे जवळपास प्रत्येक गावात दूध संस्था आहे. तिथे वीज आहे, संगणकावर फॅट मोजून पावती निघते, दर दहा दिवसांनी सभासदाच्या बिलातून कपात करून पैसे वळते करण्याची घडी बसलेली आहे. महिन्याचं इंटरनेट बिल गोळा करायला याहून चांगली यंत्रणा कुठली? पंचायतीच्या पेटीतलं फायबर जाहीर केलेल्या एकाच दराने जो मागेल त्याला द्यायचं ठरलं, तर गावची दूध संस्था आणि तालुक्याचा केबलवाला मिळून ते घरोघरी नेऊ शकतात. सभासदांचं भांडवल, स्थानिक माणूस, आणि बंद पडलं तर सकाळी दूध घालताना जाब विचारायची सोय. सार्वत्रिक सेवा निधीचं नाव नव्या कायद्याने डिजिटल भारत निधी केलं आहे. अशा गावच्या संस्थांना त्यातून थेट मदत मिळावी ही मागणी इथून जायला हवी.

नागरिकांच्या मागणीने या क्षेत्रात फरक पडतो, याचा दाखला आहे. २०१५ मध्ये इंटरनेट सर्वांना सारखं मिळावं म्हणून दहा लाखांहून अधिक ईमेल ट्रायकडे गेले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने काही संकेतस्थळं फुकट आणि बाकी पैसे देऊन अशा भेदभावाच्या दरांवर बंदी घातली. फेसबुकची फ्री बेसिक्स योजना त्यामुळे इथे थांबली. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये, डेटा नको असलेल्यांसाठी फक्त बोलणं आणि एसएमएसची योजना ठेवणं ट्रायने कंपन्यांना बंधनकारक केलं. साधा फोन वापरणाऱ्या आपल्या आजी-आजोबांच्या कामाचा नियम आहे तो.

शहरातल्यांसाठी एक काम अगदी हाताशी आहे. गटारीसाठी, जलवाहिनीसाठी आपले रस्ते खणले जातातच. त्याच चरात तारांसाठी एक रिकामी नळी टाकली तर खर्च किरकोळ येतो, आणि ती महापालिकेच्या मालकीची राहते. पुढे कंपनी मोठी असो की गल्लीतली, तिला त्याच नळीतून, त्याच जाहीर भाड्याने जाता येईल. पुढच्या वेळी तुमच्या पेठेतला रस्ता उकरला जाईल तेव्हा वॉर्डातल्या चार लोकांनी मिळून महापालिकेत लेखी विचारावं: नळी टाकली का, आणि ती कुणाला किती भाड्याने मिळणार आहे.